गरिबी की वंश? अमेरिकेतल्या तुरुंगांचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न असा आहे: अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं तुरुंगात असण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या पाचपट आहे. हे वंशभेदामुळे, की कृष्णवर्णीय लोक जास्त गरीब आहेत म्हणून? सारख्या उत्पन्नाचे दोन गट घेतले तर फरक उरतो का? आणि वंश हेच कारण असेल, तर गोरे नसलेले आशियाई लोक तुरुंगात सगळ्यांत कमी कसे?

आधी सरळ उत्तर. दोन्ही कारणं खरी आहेत, पण ती एकाच जागी काम करत नाहीत. अटकेपासून शिक्षेपर्यंतच्या वाटेवर जिथे पैसे मोजल्याशिवाय सुटका नाही, म्हणजे जामीन, वकील, दंड, तिथे गरिबी माणसाला आत ढकलते. जिथे एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर निर्णय असतो, म्हणजे रस्त्यात कुणाला थांबवायचं, कोणतं कलम लावायचं, किती वर्षांची शिक्षा मागायची, तिथे वंश आडवा येतो. या दोन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. त्यामुळे 'किती टक्के वंश आणि किती टक्के गरिबी' अशी एकच फोड मागितली, तर तिचं प्रामाणिक उत्तर देता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर वेगळा हिशेब करावा लागतो.

आता मूळ आकडे. २०२२ च्या अखेरीस राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत मिळून सुमारे १२ लाख ३० हजार कैदी होते. ही बहुतेक एक वर्षाहून जास्त शिक्षा झालेली माणसं. त्याशिवाय काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाचे जेल वेगळे. त्यांत त्याच वर्षाच्या मध्यावर साधारण ६ लाख ६३ हजार लोक होते आणि त्यांतल्या दर दहांपैकी सात जणांवरचा गुन्हा शाबित झालेला नव्हता. आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, तेच हे. वर्षभरात जेलमध्ये होणाऱ्या दाखल्यांची संख्या मात्र ७० लाखांच्या वर जाते, कारण बहुतेक जण काही तास किंवा काही दिवसांत बाहेर पडतात. हा फरक लक्षात ठेवा. एका दिवशी आत किती लोक आहेत हा एक आकडा, वर्षभरात किती जण आत जाऊन आले हा दुसरा. गरिबीचा फटका दुसऱ्या आकड्यात जास्त दिसतो.

शिक्षा झालेल्या कैद्यांचं दर लाख प्रौढांमागचं प्रमाण २०२२ मध्ये ढोबळमानाने असं होतं: कृष्णवर्णीय १,२००, अमेरिकेतले मूळ आदिवासी १,००० च्या थोडं वर, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाचे) ६००, गोरे २३०, आशियाई ९०. पाचपट हा आकडा इथून येतो. आदिवासींचा आकडा चर्चेत बहुतेकदा येतच नाही, कारण त्यांची एकूण लोकसंख्या लहान आहे. पण प्रमाण म्हणून पाहिलं तर ते कृष्णवर्णीयांच्या अगदी जवळ आहेत, हे विसरू नये.

आता उत्पन्न आणि शिक्षण आत आणू. या विषयातला सगळ्यांत उपयोगी अभ्यास समाजशास्त्रज्ञ बेकी पेटिट आणि ब्रूस वेस्टर्न यांनी २००४ मध्ये मांडला. १९६५ ते १९६९ मध्ये जन्मलेल्या पुरुषांपैकी वयाच्या तिशी-चौतिशीपर्यंत किती जण कधी ना कधी तुरुंगात जाऊन आले, हे त्यांनी शिक्षणानुसार मोजलं. हायस्कूल (तिथे बारावीपर्यंत) पूर्ण न केलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांत हे प्रमाण ५८.९ टक्के निघालं, तेवढंच शिकलेल्या गोऱ्यांत ११.२ टक्के. थोडंफार तरी कॉलेज केलेल्या कृष्णवर्णीयांत ४.९ टक्के, गोऱ्यांत ०.७ टक्के.

हे चार आकडे कागदावर चौकटीत मांडा, एका ओळीत एक शिक्षण आणि एका रकान्यात एक वंश, आणि आधी उभे, मग आडवे वाचा. उभे वाचले तर वर्ग दिसतो: कृष्णवर्णीयांमध्येच शिक्षणाचा तळ आणि वरचा थर यांत बारापट अंतर आहे, गोऱ्यांत सोळापट. आडवे वाचले तर वंश दिसतो: तळाशी पाचपट, वर सातपट. म्हणजे शिक्षण सारखं धरूनही वंशाचा फरक जात नाही आणि वंश सारखा धरूनही वर्गाचा फरक जात नाही. शिकलेला कृष्णवर्णीय पुरुष अशिक्षित गोऱ्यापेक्षा कमी प्रमाणात तुरुंगात जातो, हेही याच चौकटीत आहे. 'फक्त वंश' म्हणणाऱ्याला आणि 'फक्त गरिबी' म्हणणाऱ्याला, दोघांनाही ही चौकट अडचणीची आहे.

दुसरा मोठा पुरावा अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९७८ ते १९८३ मध्ये जन्मलेल्या मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या उत्पन्नाशी जोडून, १ एप्रिल २०१० या जनगणनेच्या दिवशी त्यांतले किती जण तुरुंगात होते हे त्यांनी पाहिलं. सगळ्यांत गरीब एक टक्का घरांतले कृष्णवर्णीय मुलगे: २१ टक्के आत. तशाच घरांतले गोरे: ६.४ टक्के. सगळ्यांत श्रीमंत एक टक्का घरांतले कृष्णवर्णीय: २.२ टक्के. गोरे: ०.२ टक्के. अशा सगळ्यांत श्रीमंत घरात वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलाची तुरुंगात असण्याची शक्यता वर्षाला ३६ हजार डॉलर कमावणाऱ्या घरातल्या गोऱ्या मुलाइतकीच निघाली.

इथे एक सापळा आहे आणि भलेभले त्यात अडकतात. पट काढली तर तळाशी ती ३.३ आहे आणि शिखरावर ११. म्हणजे श्रीमंतांमध्ये वंशभेद जास्त, असं वाटतं. फरक काढला तर तळाशी तो १४.६ टक्क्यांचा आहे आणि शिखरावर २ टक्क्यांचा. म्हणजे गरिबांमध्ये वंशभेद जास्त. दोन्ही वाक्यं एकाच आकड्यांतून निघतात आणि दोन्ही खरी आहेत. बातमीत एकच छापलं जातं. म्हणून लिहिताना पट आणि फरक दोन्ही द्यावेत. तुरुंगात प्रत्यक्ष किती माणसं जास्त गेली हे सांगायचं असेल तर फरकच पुढे ठेवावा.

चेट्टी यांनी मुलाचं स्वतःचं उत्पन्न न घेता आईवडिलांचं घेतलं, ही निवड फार महत्त्वाची आहे. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाचं उत्पन्न तुरुंगामुळेच घसरलेलं असतं. ते 'समान धरलं' की परिणामच कारण म्हणून मोजला जातो. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांचा मिलवॉकी शहरातला प्रयोग, २००३ मध्ये छापलेला, हे थेट दाखवतो. सारखी पात्रता सांगणारे तरुण नोकरीचे अर्ज घेऊन पाठवले. फरक फक्त वंशाचा आणि गुन्ह्याच्या नोंदीचा. परत बोलावणं आलं ते असं: नोंद नसलेला गोरा ३४ टक्के, नोंद असलेला गोरा १७, नोंद नसलेला कृष्णवर्णीय १४, नोंद असलेला कृष्णवर्णीय ५. स्वच्छ नोंदीच्या कृष्णवर्णीयाला तुरुंगातून सुटलेल्या गोऱ्याइतकीही संधी नाही. इथे बाण उलटा फिरतो: तुरुंग गरिबी तयार करतो आणि ती गरिबी पुढच्या पिढीच्या आकड्यांत 'कारण' म्हणून परत येते.

उत्पन्न सारखं धरण्यात आणखी एक गोची आहे. महिन्याची मिळकत आणि गाठीशी असलेली पुंजी या वेगळ्या गोष्टी. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्म्यांची याहून जास्त, निम्म्यांची कमी) २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९०० डॉलर. जामिनाची रक्कम पगारातून भरली जात नाही, पुंजीतून भरली जाते; स्वतःची नसेल तर भावाच्या, मावशीच्या. सारखा पगार असलेल्या दोन माणसांमागे उभी असलेली नातलगांची ताकद सारखी नसते. शिवाय गरीब गोरं कुटुंब बहुतेकदा संमिश्र वस्तीत राहतं आणि गरीब कृष्णवर्णीय कुटुंब अशा वस्तीत, जिथे सगळेच गरीब आहेत. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले, त्यांत कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्जाला धोकादायक म्हणून दाखवल्या गेल्या. पुढे घर विकत घेऊन पुंजी जमवण्याचा जो रस्ता गोऱ्या मध्यमवर्गाला मिळाला, तो या वस्त्यांना मिळाला नाही. म्हणजे कुणाच्या वाट्याला कोणत्या प्रकारची गरिबी येणार, हेच मुळात वंशाने ठरवलं. गरिबी 'वजा' करून उरलेला तेवढा वंशभेद असं मोजलं, तर तो कमी मोजला जातो.

आता टप्पे घेऊ.

पहिला टप्पा रस्त्यावरचा. न्यूयॉर्क शहरात २०११ मध्ये पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना थांबवून चौकशी किंवा झडती घेतली. दर दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा ना अटक झाली ना दंडाची पावती फाटली. थांबवलेल्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. शहराच्या लोकसंख्येत ते साधारण पाव. ऑगस्ट २०१३ मध्ये फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर या खटल्यात संघराज्याच्या न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. यावर नेहमीचा आक्षेप असतो की पोलीस गुन्हे जास्त असलेल्या वस्तीत जास्त फिरतात, म्हणून लोकसंख्येशी तुलना चुकीची. आक्षेप योग्य आहे, आणि त्यावर तोडगाही आहे: लोकसंख्येशी तुलनाच करायची नाही. पोलिसांनी वाहनं थांबवल्याच्या वर्षभराच्या नोंदींतून संध्याकाळची एकच वेळ घ्या, समजा सात ते सव्वासात. उन्हाळ्यात त्या वेळी उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. रस्ता तोच, वाहतूक साधारण तीच. फक्त अंधारात चालकाचा रंग दिसत नाही. अंधार पडल्यावर थांबवलेल्या चालकांतला कृष्णवर्णीयांचा वाटा घसरला, तर रंग पाहून थांबवलं जात होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने देशभरातल्या जवळपास साडेनऊ कोटी नोंदी जमवल्या, त्यांतल्या या रीतीला बसणाऱ्या नोंदी तपासल्या आणि वाटा खरोखर घसरतो असं दाखवलं.

दुसरा टप्पा जामिनाचा, आणि पैशाचा खेळ सगळ्यांत स्पष्ट इथे दिसतो. आपल्याकडे जामीनदार म्हणजे ओळखीचा माणूस, त्याच्या सातबाऱ्याची किंवा पगाराची कागदपत्रं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हा धंदा आहे. न्यायाधीशाने १० हजार डॉलरचा जामीन ठरवला असं धरा. ज्याच्याकडे १० हजार आहेत, तो ते न्यायालयात भरतो, तारखांना हजर राहतो आणि खटला संपल्यावर रक्कम परत घेतो. काही ठिकाणी थोडं शुल्क कापून. ज्याच्याकडे नाहीत, तो जामीन विकणाऱ्या दलालाकडे जातो, साधारण दहा टक्के म्हणजे १,००० डॉलर देतो आणि दलाल हमी भरतो. हे हजार परत मिळत नाहीत, अगदी निर्दोष सुटला तरी. आणि ज्याच्याकडे हजारही नाहीत, तो आत राहतो. एकच आरोप, एकच रक्कम. श्रीमंताला जवळजवळ फुकट, मध्यमाला हजार डॉलर आणि गरिबाला कैद.

आत राहिल्यावर काय घडतं त्याचा क्रम ठरलेला आहे. दोन-चार दिवस कामावर गैरहजर म्हणजे तासावर काम करणाऱ्याची नोकरी गेली. भाडं थकलं. घरी लहान मुलं असतील तर त्यांची सोय हा वेगळा प्रश्न. मग सरकारी पक्ष देऊ करतो: गुन्हा कबूल कर, आत काढलेले दिवस हीच शिक्षा समजू, आज घरी जा. नाकारलं तर खटला उभा राहीपर्यंत आणखी काही आठवडे किंवा महिने. किरकोळ आरोपात निर्दोष माणूसही कबुली देतो, कारण लढण्याची किंमत शिक्षेपेक्षा जास्त असते. अमेरिकेत गुन्हा शाबित होणारी साधारण ९५ टक्के प्रकरणं खटला न चालता कबुलीवरच मिटतात, हे लक्षात घेतलं की या टप्प्याचं वजन कळेल. डॉबी, गोल्डिन आणि यांग यांनी २०१८ मध्ये फिलाडेल्फिया आणि मायामीतली प्रकरणं तपासली. खटल्याआधी सुटका मिळाली तर दोषी ठरण्याची शक्यता १४ टक्के बिंदूंनी (शंभरातल्या १४ जणांइतकी) घटते, आणि ती मुख्यतः कबुल्या कमी झाल्यामुळे. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतल्या किरकोळ गुन्ह्यांवरच्या अभ्यासात कैदेत ठेवलेले लोक तशाच सुटलेल्या लोकांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त कबुली देताना दिसले.

या अभ्यासांवर विश्वास का ठेवायचा? आत ठेवलेले आणि सोडलेले यांची सरळ तुलना केली तर ती फसवी असते. आत ठेवलेल्यांवरचे आरोपच गंभीर असू शकतात. फिलाडेल्फिया-मायामीच्या अभ्यासात म्हणून न्यायाधीशांच्या पाळीचा वापर केला आहे. काही न्यायाधीश कडक, काही सौम्य, आणि कोणत्या आरोपीला कोण मिळणार हे पाळीवर, म्हणजे जवळजवळ नशिबावर ठरतं. तो नशिबाचा भाग तेवढा वेगळा काढून परिणाम मोजला जातो. आकडा वाचताना ही रीत कोणती होती, हे आधी शोधावं.

न्यू जर्सीने १ जानेवारी २०१७ पासून पैशांचा जामीन जवळजवळ बंद केला. २०१५ अखेर ते २०१८ अखेर खटल्याआधी आत असणाऱ्यांची संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. हजारो कृष्णवर्णीय माणसं यामुळे घरी राहिली. पण जेलमधला कृष्णवर्णीयांचा वाटा जवळपास तिथेच राहिला, निम्म्याच्या थोडा वर. अनेकांना हे अपयश वाटलं; खरं तर मूळ प्रश्नाचं याहून स्वच्छ उत्तर क्वचित सापडतं. पैशाची अट काढली की सगळ्याच गरिबांची कैद कमी होते. पण जेलच्या दारापर्यंत कोण पोहोचतो हे आधीच्या टप्प्यावर ठरलेलं असतं, तिथे हात लावला नाही तर वंशाचं प्रमाण हलत नाही. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्ण बंद केला. तिथले आकडेही याच दोन कसोट्यांवर वेगवेगळे तपासले पाहिजेत.

दंडाचा टप्पा छोट्या गुन्ह्यांचा, म्हणून दुर्लक्षित. मिसूरीतल्या फर्ग्युसन शहरावर संघराज्याच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात एका कृष्णवर्णीय बाईंचं प्रकरण आहे. २००७ मध्ये त्यांनी एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या, १५१ डॉलर आणि वर शुल्क. त्यांना अधूनमधून घरही नव्हतं. पैसे थकले, तारखा चुकल्या. सात वेळा गैरहजेरीचा आरोप लागला, प्रत्येक वेळी वॉरंट आणि नवा दंड. दोनदा अटक, सहा दिवस जेल. पुढे त्यांनी २५ आणि ५० डॉलरचे हप्ते भरायचा प्रयत्न केला, तर न्यायालयाने पूर्ण रकमेखाली काही घेत नाही म्हणून ते परत केले. २०१४ अखेर त्यांनी ५५० डॉलर भरले होते आणि ५४१ बाकी होते. हा बाईंच्या नशिबाचा भाग नव्हता. शहराच्या २०१५ च्या अंदाजपत्रकात १ कोटी ३२ लाख डॉलरच्या सर्वसाधारण उत्पन्नापैकी ३० लाखांहून अधिक दंड आणि शुल्कांतून येतील असं धरलं होतं. पोलिसांवर वसुलीचा दबाव होता. २०१२ ते २०१४ मध्ये कृष्णवर्णीय शहराच्या लोकसंख्येत ६७ टक्के, थांबवलेल्या वाहनचालकांत ८५, पावत्या फाटलेल्यांत ९० आणि अटकेत ९३ टक्के होते. गरिबी आणि वंश एकाच यंत्रात कसे अडकतात, ते इथे स्पष्ट दिसतं.

कायदा काय सांगतो? बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पैसे नसल्यामुळे दंड थकला तर, माणूस मुद्दाम टाळतोय की खरंच असमर्थ आहे हे तपासल्याशिवाय त्याला तुरुंगात टाकता येत नाही. या खटल्यातल्या बिअर्डनने ७५० डॉलरपैकी २०० आईवडिलांकडून उसने घेऊन भरले होते आणि मग त्याची नोकरी गेली होती. निकाल चांगला आहे, अडचण अंमलबजावणीची. ऐपत तपासायची म्हणजे नेमकं काय, हे न्यायालयाने ठरवून दिलं नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी न्यायाधीश 'काम शोधलंस का' असं दोन वाक्यांत विचारून मोकळे होतात, आणि समोरच्याकडे वकील नसतो.

कायद्याच्या अक्षरात वंशाचा उल्लेख नसतानाही परिणाम वंशानुसार कसा पडतो, याची दोन उदाहरणं. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक कोकेनच्या (धूर करून ओढायच्या खड्यांच्या) विक्रीला किमान पाच वर्षं शिक्षा ठेवली. पावडर कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागत. पदार्थ मुळात एकच. क्रॅक स्वस्त, गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत उघड्यावर विकलं जाणारं; पावडर महाग, बंद दाराआड. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एकवर आलं, म्हणजे पाच वर्षांसाठी २८ ग्रॅम. आधीच शिक्षा भोगणाऱ्यांना त्याचा लाभ २०१८ च्या कायद्याने मिळाला. दुसरं उदाहरण न्यू जर्सीचं. शाळेपासून १,००० फुटांच्या आत विक्री केली तर जादा शिक्षा. हेतू मुलांच्या रक्षणाचा. पण दाट शहरात इतक्या शाळा असतात की ही वर्तुळं एकमेकांवर चढून जवळजवळ सगळं शहर व्यापतात. उपनगरात मात्र मोकळी जागा भरपूर. राज्याच्याच आयोगाने २००५ मध्ये दाखवलं की या कलमाखाली तुरुंगात गेलेल्यांत ९६ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. २०१० मध्ये न्यायाधीशांना या शिक्षेतून सूट देण्याचा अधिकार मिळाला.

शिक्षेच्या टप्प्यावर संघराज्याच्या शिक्षा आयोगाने २०१७ ते २०२१ या वर्षांतली प्रकरणं तपासली. गुन्हा, पूर्वेतिहास वगैरे जुळवूनही कृष्णवर्णीय पुरुषांच्या शिक्षा गोऱ्यांपेक्षा १३.४ टक्के लांब निघाल्या. पण सगळा दोष न्यायाधीशांवर टाकणंही बरोबर नाही. रेहावी आणि स्टार यांच्या २०१४ च्या अभ्यासातून दिसतं की संघराज्याच्या न्यायालयांतल्या फरकाचा मोठा भाग सरकारी वकील सुरुवातीला कोणतं कलम लावतो, किमान शिक्षेचं लावतो की नाही, तिथेच तयार होतो. म्हणून 'कलम सारखं धरून' केलेल्या तुलनेत फरक लहान दिसला, तर खूश होण्याचं कारण नाही; भेदभाव जिथे झाला तीच पायरी आपण समान धरली.

आता अवघड भाग. गुन्ह्यांमध्येच फरक असेल तर? हा प्रश्न टाळणाऱ्यांमुळे चर्चेचं नुकसानच झालं आहे. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक आल्फ्रेड ब्लमस्टाइन यांनी १९८२ मध्ये अटकेतलं आणि तुरुंगातलं वांशिक प्रमाण ताडून पाहिलं. खुनाच्या बाबतीत तुरुंगातला जवळजवळ सगळा फरक अटकेतल्या फरकातून समजत होता. अमली पदार्थांच्या बाबतीत निम्माच. याचा अर्थ असा की गुन्हा जितका गंभीर, तितका अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव कमी. गुन्हा जितका सौम्य, तितका वाव जास्त. अमली पदार्थांचं सेवन कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांत साधारण सारखंच असताना, २०१० मध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांना ३.७३ पट होती. आज राज्यांच्या तुरुंगांतले ६० टक्क्यांहून अधिक कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आहेत. फक्त अमली पदार्थांचे कायदे बदलले की तुरुंग रिकामे होतील, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. गंभीर हिंसेतला फरक खरा आहे. त्या हिंसेचे बळीही बहुतांशी त्याच वस्त्यांतले कृष्णवर्णीय तरुण असतात. तिची मुळं वर सांगितलेल्या एकवटलेल्या गरिबीत आहेत: कारखाने गेले, ज्यांना परवडलं ते निघून गेले, खून झाले तरी पुष्कळदा आरोपी सापडत नाहीत, आणि तक्रार करून उपयोग नाही असं लोकांना वाटू लागतं.

आशियाई लोकांचं काय? अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या गप्पांत हा मुद्दा नेहमी येतो. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून गेलेले बहुतेक जण पदवी, नोकरी किंवा शिक्षणाच्या जोरावर निवडून घेतलेले आहेत. भारतातल्या वरच्या शैक्षणिक थरातली ही चाळणी आहे, आणि वरच्या चौकटीत पाहिलं तसं शिक्षणाच्या त्या थरात तुरुंगाचं प्रमाण सगळ्याच वंशांत सर्वांत कमी असतं. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत अशी कुठलीही चाळणी लागलेली नाही; त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले आणि आज मोजली जाते ती सगळीच्या सगळी लोकसंख्या. शिवाय 'आशियाई' या एका रकान्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि युद्धातून निर्वासित म्हणून आलेले आग्नेय आशियातले कंबोडियन, ह्मोंग एकत्र मोजले जातात, त्यामुळे रकान्याची सरासरी कुणालाच नीट लागू पडत नाही.

काळानुसार चित्र बदललंय, हेही सांगायला हवं. राज्यांच्या तुरुंगांत कृष्णवर्णीय-गोरे ही पट २००० मध्ये ८.२ होती, २०२० मध्ये ४.९. 'तीनांपैकी एक कृष्णवर्णीय मुलगा तुरुंगात जाणार' हे वाक्य अजून सर्रास वापरतात. ते १९८१ च्या सुमारास जन्मलेल्यांना लागू होतं, २००१ मध्ये जन्मलेल्यांचा अंदाज पाचांपैकी एक असा आहे. तोही भयंकरच, पण जुना आकडा देऊन मुद्दा कमकुवत करू नये. याच काळात वर्गाची दरी मात्र रुंदावली. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या गोऱ्यांचं, विशेषतः वेदनाशामक गोळ्या आणि हेरॉइनची लाट आलेल्या ग्रामीण भागांत, तुरुंगात जाणं वाढलं. वंशाची दरी आकसली त्याचं एक कारण हेही आहे, आणि ते काही आनंदाचं कारण नाही.

स्वतः आकडेमोड करणाऱ्यांसाठी चार-पाच गोष्टी. छेदात एकूण लोकसंख्या घ्यायची की प्रौढ, हे आधी ठरवा. कृष्णवर्णीय लोकसंख्येचं सरासरी वय कमी असल्यामुळे दोन्हींत पट वेगळी येते. जेल आणि तुरुंग एकत्र करायचे तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर दोन अभ्यासांची तुलना निरर्थक होते. हिस्पॅनिक लोकांची नोंद प्रत्येक राज्य वेगळी करतं. काही ठिकाणी ते 'गोरे' म्हणून धरले जातात, मग गोऱ्यांचं प्रमाण फुगतं आणि दरी खोटीच लहान दिसते. काउंटीनिहाय प्रमाण काढताना जनगणनेत कैदी त्यांच्या घरच्या पत्त्यावर न मोजता तुरुंगाच्या पत्त्यावर मोजले जातात, हे विसरू नका. ज्या ग्रामीण काउंटीत मोठा तुरुंग आहे, तिथली कृष्णवर्णीय लोकसंख्या कागदावर अचानक वाढते आणि बहुतेक सगळी पुरुषांची निघते. असा आकडा दिसला की आधी नकाशावर तुरुंग शोधा.

आणि सगळ्यांत जास्त नडणारी गोष्ट: बेरोजगारी, पगार, शिक्षण यांचे सरकारी आकडे बहुतेक घरोघरच्या पाहणीतून येतात. तुरुंगातला माणूस कुठल्याच घरात नसतो, म्हणून तो बेरोजगारांतही मोजला जात नाही. कृष्णवर्णीय तरुणांची रोजगाराची स्थिती 'सुधारली' असं १९९० च्या दशकातल्या आकड्यांवरून म्हटलं गेलं, त्यातला काही भाग एवढाच होता की सगळ्यांत कमी शिकलेले, काम नसलेले तरुण पाहणीतून उचलून तुरुंगात गेले होते. उत्पन्नाची विषमता आणि कैद यांचा संबंध काढायचा असेल, तर कैद्यांची संख्या छेदात परत मिळवून मगच रोजगाराचं प्रमाण वापरा. हायस्कूल पूर्ण न केलेल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बाबतीत ही एकच दुरुस्ती निष्कर्ष फिरवू शकते.